धाबळीच्या कोपऱ्यावरची खूण

फार पूर्वी वेणुपूर नगरात राजा जयसेन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नदीच्या घाटावर एका परिटाच्या घरी जन्माला आले होते. तिथे त्यांचे नाव मधुक होते. वडिलांच्या मागे घाटावरचा धुण्याचा दगड त्यांच्याकडे आला, आणि दगडाबरोबर वरच्या आळीचे सगळे धुणेही आले.

परिटाला नगर जसे दिसते तसे ते दुसऱ्या कोणाला दिसत नाही. चारचौघांत ताठ चालणाऱ्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या धोतराचे गुडघे नेहमी मळलेले असत, कारण घरी तो नातवंडांचा घोडा होत असे. सगळ्या सभेला हसवणाऱ्या नटीच्या उशीच्या अभ्र्यावर काजळाचे ओघळ असत. मिशांना पीळ देत फिरणाऱ्या कोतवालाच्या उपरण्यावर दर आठवड्याला मांजराचे केस सापडत. बोधिसत्त्व हे सगळे पाहत, धूत, वाळवत आणि घडी घालून परत देत. कोणाच्या कपड्यावर काय होते ते त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही.

कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची एक खूण ठरलेली असे. तापलेली सुई बिब्ब्यात टोचली की तिच्या टोकाला काळे तेल येते. त्या तेलाने कपड्याच्या कोपऱ्यावर बारीक खूण करायची. बिब्ब्याची खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. कोणत्या घराला कोणती खूण, हे बोधिसत्त्वांच्या आजोबांनी आणि वडिलांनी ठरवले होते, आणि त्या खुणा त्यांच्या घरापलीकडे कोणालाच वाचता येत नसत. ज्यांच्या कपड्यांवर त्या होत्या, त्यांतल्या कित्येकांनी त्या कधी पाहिल्याही नव्हत्या.

अमात्य दृढवर्मा त्यांपैकीच एक होता.

दृढवर्मा सत्तर वर्षांचा होता. राजाच्या वडिलांच्या वेळेपासून तो राज्याचे नियम लिहीत असे. कोणता नियम कितव्या ताडपत्रावर आहे हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येई. लोक त्याला दगड म्हणत, अर्थात तो पुढे निघून गेल्यावर. खरी गोष्ट वेगळी होती. लहानपणापासून दृढवर्म्याला माणसांशी काय बोलावे हेच सुचत नसे. नियम मात्र सुचत. नियमाच्या आड उभे राहिले की आवाज कापत नाही, हे त्याला फार लवकर कळले होते. घरी कोणी दार वाजवले तर तो दारामागे येऊन उभा राही, पण दार उघडत नसे. स्वयंपाकाच्या मावशी हात पुसत येईपर्यंत तो तिथेच थांबे आणि त्या आल्या की मागे सरके.

त्या वर्षी पौषात फार थंडी पडली. वेशीवरचा पहारेकरी भद्रक याची लेक तापाने आजारी होती. तीन रात्री तो तिच्या उशाशी जागला आणि चौथ्या रात्री पहाऱ्यावर उभ्या उभ्या झोपी गेला. दाराला अडसर घालायचा राहिला होता. म्हशींचा एक कळप आत शिरला आणि त्याने राजाची फुलबाग तुडवली. एक म्हैस तर सकाळपर्यंत कमळांच्या तळ्यात बसून होती. ती कोणालाच बाहेर निघू देईना.

राजा जयसेन तरुण होता आणि गादीवर येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. म्हशीला पाहून लोक हसले, ते आपल्यालाच हसले असे त्याला वाटले.

“काका, याला नियम काय?” त्याने दृढवर्म्याला विचारले. राजा त्याला लहानपणापासून काका म्हणत असे.

“थंड खांब,” दृढवर्मा म्हणाला. “चौकातल्या खांबाशी उघड्या अंगाने तीन रात्री उभे राहायचे. कोणी त्याला वस्त्र देऊ नये, शेकोटी देऊ नये. आणि दयेपोटी जो हा नियम मोडील, त्याने उरलेला दंड स्वतः पुरा करावा.”

हा नियम त्यानेच चाळीस वर्षांपूर्वी लिहिला होता. लिहिला त्या दिवशी उन्हाळा होता.

पहिली रात्र गेली. पहाटे दृढवर्मा नेहमीप्रमाणे एकटाच नदीवर स्नानाला निघाला. त्याचा रस्ता चौकातून जाई. भद्रक खांबाला बांधलेला होता. पहारा देणारे खांबाकडे पाठ करून कोपऱ्यावरच्या शेकोटीशी बसले होते. दृढवर्मा मान खाली घालून पुढे गेला. पण चार पावलांवर त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. भद्रक कुडकुडत नव्हता. थंडीने जीव जाऊ लागला की कुडकुडणे थांबते, तसे ते थांबले होते.

त्यानंतर आपण काय केले हे दृढवर्म्याला नंतर नीट आठवेना. खांद्यावरची धाबळी त्याने काढली आणि त्या माणसाला पांघरली, एवढेच आठवत होते. मग तो मागच्या बोळाने घरी आला. त्या दिवशी त्याचे स्नान राहिले.

सकाळी कोतवालाने ती धाबळी सभेत आणून टाकली. धाबळी म्हणजे जाड पांढरी लोकरी शाल. पौषात वेणुपुरात प्रत्येकाच्या खांद्यावर असते तशीच ती होती. राजा संतापला.

“माझा शब्द एक रात्रसुद्धा टिकत नाही? कुणी घातली ही?”

भद्रकला उभे केले होते. त्याचे ओठ अजून निळे होते.

“डोळे मिटलेले होते, महाराज. मला दिसलं नाही,” तो म्हणाला. “पण ज्यानं घातली त्यानं मानेपाशी काठ नीट खोचला. माझी आई खोचायची तसा.”

सभेत कोणीतरी हसले. दृढवर्म्याचे कान तापले. आपण काठ खोचला होता हे त्याला तेव्हा कळले.

“काका,” राजा वळून म्हणाला, “पांघरूण घालणाऱ्यानं उरलेल्या दोन रात्री उभं राहायचं. असंच आहे ना?”

“असेच आहे,” दृढवर्मा म्हणाला. नियमाविषयी विचारले होते, त्याने नियम सांगितला. धाबळी कोणाची, असे त्याला कोणी विचारले नव्हते. आपल्या वयाचा माणूस त्या खांबाशी एकही रात्र काढू शकणार नाही, हा हिशेब त्याने मनात केला आणि तो गप्प राहिला.

मग कोतवालाने धाबळीचा सुती काठ उजेडात धरला. “महाराज, कोपऱ्यावर परिटाची खूण आहे.”

दृढवर्म्याने मान उंचावून पाहिले. राज्यातला प्रत्येक नियम पाठ असलेल्या त्या माणसाला आपल्याच धाबळीच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहिलेले असते हे आजवर माहीत नव्हते.

बोधिसत्त्वांना बोलावणे गेले. ते घाटावरून तसेच आले, गुडघ्यापर्यंत ओले. सभागृहाच्या फरशीवर पावले उमटली तेव्हा त्यांनी कोतवालाकडे पाहून “पुसतो हं मागून” असे म्हटले. त्यांनी खूण एकदाच पाहिली.

“ओळखलीस?” राजाने विचारले.

“ओळखली, महाराज.”

“कुणाची?”

“महाराज, आमच्या घरात खूण एकाच कामासाठी वाचतात. कपडा ज्याचा त्याला परत द्यायला. दुसऱ्या कशासाठी वाचायची नाही, असं आजोबांनी घालून दिलंय.”

“आणि मी विचारतोय तरी?”

“आज या खुणेसाठी सांगितलं, तर उद्या प्रत्येक घर आपले कपडे माझ्यापासून लपवून ठेवील. मग लोक मळकेच राहतील, महाराज.”

“मग उरलेल्या दोन रात्री तूच उभा राहा.”

“राहीन,” बोधिसत्त्व म्हणाले. त्यांनी ते इतके सहज म्हटले की राजाने धाबळी पुन्हा एकदा उलटून पाहिली. मग त्याला एक युक्ती सुचली आणि तो हसला.

“नको. तुझ्या घराण्याची रीत मला मोडायची नाही. तू कपडा ज्याचा त्याला परत देतोस ना? मग ही धाबळी परत दे. आम्ही फक्त तुझ्या मागून चालत येऊ.”

सभेत हशा पिकला. दृढवर्म्याने बसल्या जागी मांडी घट्ट धरली. बोधिसत्त्वांनी क्षणभर धाबळीकडे पाहिले. खोटे ते बोलत नसत, आणि दिलेला शब्द मागे घेत नसत.

“देतो, महाराज,” ते म्हणाले. “पण मळकं धुणं परत द्यायची आमच्यात चाल नाही. धुऊन, वाळवून, घडी घालून देईन.”

“किती वेळ लागेल?”

“लोकर आहे. उकळत्या पाण्याच्या भट्टीत घातली तर आटते. रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, हातानं दाबून धुवायची आणि सावलीत वाळवायची. त्यात हे पौषातलं धुकं. परवा तिसऱ्या प्रहरी देईन.”

राजाने मान्य केले. तोवर भद्रकला घरी लेकीपाशी जाऊ द्यावे, असेही ठरले.

त्या संध्याकाळी दृढवर्मा घरात गारठून बसला होता. मावशींनी विचारले, “आणि धाबळी कुठं गेली?”

“धुवायला दिली आहे,” तो म्हणाला. हे वाक्य खरे आहे हे लक्षात येताच त्याला आणखी थंडी वाजली.

दुसऱ्या दिवशी तो परिटांच्या घाटावर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच. बोधिसत्त्वांची बायको चंपा दगडावर रिठे फोडत होती. तिलाही खुणा वाचता येत होत्या, आणि नवऱ्यासारखे गप्प राहणे तिला जमत नसे.

“या, अमात्यबाबा,” ती म्हणाली. “बरं झालं आलात. ते सभेत तुमच्यापुढं म्हणाले म्हणे, मी उभा राहीन खांबाशी. याला काय म्हणावं? अंगावर मूठभर मांस नाही आणि निघाले उभं राहायला.”

“चंपे, रिठे फोड,” पाण्यातून आवाज आला.

“फोडतेच आहे. अमात्यबाबा, तुम्ही सगळ्या नगराला ओळखता. त्या धाबळीचा धनी कुठं भेटला तर त्याला माझा एक निरोप सांगाल? म्हणावं, पांघरूण घातलंस ते फार चांगलं केलंस. मला ऐकून रडू आलं. आता एवढं केलंस तर पुढंही—”

“चंपे.”

“झाले माझे रिठे!” चंपाने टोपली काखेत मारली आणि ती तणतणत दोरीकडे गेली.

बोधिसत्त्व पाण्याबाहेर आले. धाबळी पितळेच्या मोठ्या घंगाळात फेसाखाली बुडालेली होती. दृढवर्मा तिच्याकडे पाहत राहिला. काय बोलायचे ते त्याने घरून ठरवून आणले होते, म्हणून तो एका दमात बोलला.

“मधुका, तुझा दगड झिजला आहे. हा घाट तू चार घरांशी वाटून घेतोस. उद्यापासून सगळा घाट तुझ्या घराण्याच्या नावे करता येईल. राजवाड्याचे धुणेही तुझ्याकडे येईल. माझ्या अधिकारात आहे ते. कपड्याचे कोपरे धुताना फाटतात. एखादा कोपरा फाटला तर त्यात परिटाचा काही दोष नसतो.”

बोधिसत्त्वांनी हात पुसले. “घाट मिळाला तर चंपा फार खूश होईल,” ते म्हणाले. “पण बाबा, खूण नसलेला कपडा कुणाचाच नसतो. आमच्याकडे असे दोन-चार पडून आहेत. चांगले आहेत, पण त्यांना घर नाही. ही धाबळी तशी करू?”

“एक धाबळी गेली तर काय बिघडते?”

“धाबळीचं नाही म्हणत मी. मी रोज लोकांचे डाग बघतो. माणसं डाग लपवतात, ते मला कळतं. मीही लपवतो माझे. पण हा कपडा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्यावर डाग नव्हता. कुणाच्या तरी अंगाची ऊब होती. आयुष्यात एवढं चांगलं काही करावं आणि ते कुणाचंच नाही असं करून टाकावं, याचं मला वाईट वाटतं.”

दृढवर्म्याने नदीकडे पाहिले. नदीवर धुके होते आणि पलीकडच्या काठावर कोणीतरी कपडे आपटत होते. मग तो म्हणाला, “ज्याने नियम लिहिला त्यानेच मोडला, हे लोकांना कळले तर ते हसतील.”

“हसतील थोडे.”

“मला ते जमत नाही. लोकांसमोर उभे राहणे.” हे वाक्य ठरवून आणलेले नव्हते. आपला आवाज कापला हे त्याने ऐकले. “ती खूण... काय आहे ती? मी कधी पाहिली नाही.”

बोधिसत्त्वांनी फेसातून कोपरा वर काढला आणि अंगठ्याने पुसला. दोन उभ्या रेघा होत्या आणि त्यांच्यामध्ये एक टिंब.

“माझ्या वडिलांनी दिलेली आहे,” ते म्हणाले. “तुम्ही तरुण होतात तेव्हा. वडील दारात येऊन ‘धुणं आलंऽऽ’ म्हणून हाक द्यायचे, तेव्हा दाराच्या फटीतून आत कुणीतरी उभं असलेलं त्यांना दिसायचं. पण ते कधी बाहेर यायचं नाही. ही दाराची चौकट. आणि हा आत उभा असलेला माणूस. वडील म्हणायचे, त्या घरचं धुणं टाकायला मला कधी घाई करवत नाही. वाटतं, आज येईल बाहेर.”

दृढवर्म्याने ते टिंब पाहिले. तिळाएवढे होते. पन्नास वर्षे तो ते अंगावर बाळगून हिंडत होता.

“परवा तिसऱ्या प्रहरी म्हणालो होतो, म्हणजे उद्या,” बोधिसत्त्व म्हणाले. “मी सावकाश चालतो, बाबा. मला घाई नसते.”

दृढवर्मा परत गेला. घाट नावे करून द्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

तिसऱ्या दिवशी धाबळी वाळली. चंपाने तिची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. बोधिसत्त्वांनी ती हातावर घेतली आणि ते घाटाच्या पायऱ्या चढले. मागे राजा, त्याच्यामागे कोतवाल आणि त्यांच्यामागे अर्धे नगर. अमात्यांना बरे नाही, असा निरोप राजाला सकाळीच आला होता. काकांना थंडी बाधली असेल, असे म्हणून त्याने वैद्यांना सुंठ पाठवायला सांगितले होते.

बोधिसत्त्व वरच्या आळीत शिरले. प्रत्येक दारात माणसे उभी होती. धान्याचा व्यापारी उंबऱ्यावर घाम पुसत होता, आणि परीट पुढे गेल्यावर त्याने मोठ्याने सुस्कारा सोडला. ज्यांनी काही केले नव्हते, त्यांचेही चेहरे उतरले होते. आपल्या घराची खूण काय आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते.

शेवटच्या वळणावर बोधिसत्त्व थांबले आणि एका ओट्यावर टेकले.

“आता काय झालं?” राजा म्हणाला.

“वहाणेचा अंगठा सुटला, महाराज.” तो खरोखरच सुटला होता. पण त्यांनी तो फार निगुतीने बांधला.

“अहो, चला की! गाठ मारताय की धोतर विणताय?” चंपा मागून म्हणाली, आणि लोक हसले.

ते बोलणे आणि हसणे वळणापलीकडच्या घरात, बंद दाराच्या आत ऐकू आले. दृढवर्मा दारामागे उभा होता. मावशींना त्याने मुद्दाम मागच्या दाराने भाजी आणायला पाठवले होते. फटीतून रस्त्याचा बोटभर तुकडा दिसत होता. परीट इथे येईल, हाक देईल, मग राजा पाहील. हाक ऐकून दार उघडणे म्हणजे सापडणे. सापडलेल्या माणसाला पुढे काही करावे लागत नाही. त्याला धरून नेतात. ते सोपे होते. अजून हाक आलेली नव्हती, हेच अवघड होते.

आणि त्याला एकदम समजले, की परीट वळणावर का थांबला आहे.

त्याने अडसराला हात घातला आणि तो ओढला. अडसर हलेना. पन्नास वर्षे त्या घरात राहून त्याने तो कधी स्वतः काढला नव्हता; घरातले कोणी ना कोणी काढून देई. आधी उचलावा लागतो आणि मग सरकवावा लागतो, हे त्याला माहीत नव्हते. तो ओढत राहिला. बाहेर पावले पुन्हा सुरू झाली. दृढवर्म्याने खांदा लावला, पाय रोवले, आणि ज्या माणसाच्या एका शब्दावर नगराच्या वेशी उघडत तो आपल्याच दाराशी झटू लागला. शेवटी चुकून अडसर वर उचलला गेला आणि धाडकन बाजूला पडला.

वळणावरून लोक आले तेव्हा त्यांना दिसले, की अमात्य अनवाणी पायांनी उंबरा ओलांडून, दोन पायऱ्या उतरून भर रस्त्यात उभे आहेत. खांद्यावर काही नव्हते आणि हातांना लाकडाचा भुसा लागला होता.

बोधिसत्त्व थांबले. त्यांनी हाक दिली नाही.

“मधुका,” दृढवर्मा म्हणाला. आवाज कापत होता, पण तो सगळ्यांना ऐकू गेला. “धुणं आलं का रे माझं?”

“आलं, बाबा,” बोधिसत्त्व म्हणाले, आणि त्यांनी धाबळी त्याच्या हातांवर ठेवली.

कोणी हसले नाही. राजाचा चेहरा पांढरा पडला. त्याने धाबळीकडे पाहिले, काकांकडे पाहिले. लहानपणी पालखीत झोप लागली की कोणीतरी आपल्या मानेपाशी पांघरुणाचा काठ खोचत असे, ते त्याला आठवले. ती दाई असेल, असे त्याला आजवर वाटत होते.

“काका, तुम्ही आत जा,” तो हळूच म्हणाला. “मी बघतो काय ते.”

“नियम आहे,” दृढवर्मा म्हणाला. “दोन रात्री.”

आणि सूर्य कलला तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चौकात गेला आणि धाबळी बोधिसत्त्वांकडे सांभाळायला देऊन खांबाला टेकून उभा राहिला. कोतवाल दोरी हातात घेऊन नुसताच घुटमळत होता. सगळे नगर भोवती जमले होते, आणि गंमत अशी की दृढवर्म्याला त्याचे काही वाटत नव्हते. तो सगळ्यांकडे पाहत होता. इतकी माणसे त्याने समोरून कधी पाहिलीच नव्हती.

राजा गर्दीतून पुढे आला. त्याने आपल्या अंगावरची केशरी शाल काढली, म्हाताऱ्याला पांघरली आणि मानेपाशी काठ खोचला.

“महाराज!” दृढवर्मा घाबरून म्हणाला. “दयेपोटी जो नियम मोडील, त्याने उरलेला दंड—”

“पुरा करावा. मला पाठ आहे, काका. तुम्हीच शिकवलाय. सरका, मी उभा राहतो.”

“थांबा, महाराज,” भद्रक गर्दीतून म्हणाला, आणि त्याने आपली फाटकी घोंगडी राजाच्या खांद्यावर टाकली. “आता माझी पाळी.”

“अग बाई,” चंपा मोठ्याने म्हणाली. “म्हणजे भद्रकला आणखी कुणीतरी घालणार, त्याला तिसरा घालणार. सगळं गाव खांबाशी रांग लावील आणि एवढं धुणं कोण धुणार? आम्ही!”

आधी कोतवाल हसला. मग राजा हसला. मग दृढवर्मा हसला. आपल्या अमात्यांना एक दात कमी आहे, हे वेणुपूरच्या लोकांना त्या दिवशी कळले. चाळीस वर्षांपूर्वीचे ते ताडपत्र दृढवर्म्याने त्याच संध्याकाळी आणवले आणि स्वतःच्या हाताने दिव्यावर धरले. पहारेकऱ्याच्या घरी आजारपण असेल तर त्याच्या जागी दुसरा द्यावा, असा नवा नियम त्याने त्या जागी लिहिला.

खांब उपटला गेला. तो चांगल्या सागाचा होता. चंपाने तो घाटावर मागून घेतला आणि तिची धुणे वाळवायची दोरी पुढे कित्येक वर्षे त्याच खांबाला बांधलेली होती.

दृढवर्मा त्यानंतरही कमीच बोले. नियमही नीट पाळायला लावी. पण परिटाची हाक आली की मावशींच्या आधी तोच दारात जाई. बिब्ब्याची खूण पुसता येत नाही. तेव्हा बोधिसत्त्वांनी त्याच्या धाबळीच्या कोपऱ्यावर सुईच्या टोकाने आणखी एकच टिंब दिले. ते दोन रेघांच्या बाहेर होते.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वांनी, एका विहारात सांगितली. तिथला उत्तिय नावाचा वृद्ध भिक्खू शिस्तीला फार कडक होता. सकाळी उशिरा उठणाऱ्या एका तरुण भिक्खूला तो सगळ्यांसमोर रागावत असे. मग तोच तरुण आजारी पडला, तेव्हा त्याची खोली रोज पहाटे कोणीतरी गुपचूप झाडून जाऊ लागले आणि उशाशी कोमट पाणी ठेवू लागले. तो उत्तिय होता हे उघड झाले तेव्हा काही भिक्खू “आतून एक, बाहेरून एक” असे म्हणून हसले, आणि म्हातारा लाजून खोलीचे दार लावून बसला. शास्ते त्याच्या दाराबाहेरच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. सांगताना त्यांनी आवाज थोडा मोठा ठेवला होता.

गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाचा पहारेकरी भद्रक म्हणजे हा आजारी भिक्खू. राजा जयसेन म्हणजे तुमच्यातला सगळ्यांत आधी जो हसला तो, आणि सगळ्यांत आधी ज्याला वाईट वाटले तोही तोच. चंपा म्हणजे आपल्याला रोज पेज आणून देणारी आणि रोज बोलणी ऐकवणारी उपासिका. परीट मीच होतो. आणि दृढवर्मा...”

मागे दाराचा अडसर उचलल्याचा आवाज झाला. शास्ते वळून पाहत नाहीत असे दिसल्यावर कोणीच वळले नाही.

“मनुष्य एकाच धाग्याचा विणलेला नसतो,” शास्ते म्हणाले. “त्याला आपल्या चांगुलपणाचीही लाज वाटते. त्याला ओढून बाहेर काढू नये. दाराशी बसून राहावे आणि वेळ द्यावा. याला क्षांती म्हणतात. त्या जन्मी मी हाच सद्गुण पूर्णत्वाला नेला, हीच पारमिता पुरी केली.”